बोनाफाईड आणा

आमच्या भागात एक जलतरण तलाव आहे, नाव सांगत नाही, कारण उद्या परत तिथंच जायचंय. मोठीला उन्हाळ्याची बॅच लावायची होती. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आधारची झेरॉक्स जोडली, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं, आणि खिडकीतल्या मॅडमनी एका रिकाम्या रकान्यावर पेनानं टकटक केलं. शाळेचं नाव.

"होमस्कूल," मी म्हटलं.

"कुठली ब्रँच?"

"नाही हो, घरी शिकवतो आम्ही."

"हां, पण शाळा कुठली?"

विद्यार्थी सवलतीला बोनाफाईड लागतं. बोनाफाईड शाळा देते. आणि शाळा म्हणजे मी. मी म्हटलं आत्ता लिहून देते, पेन द्या. त्या म्हणाल्या शिक्का आहे का. शिक्का नव्हता. (आता वाटतं करूनच घ्यावा, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे होतो. मुख्याध्यापिका, स्वयंपाकघर.) मग त्यांनी मागं वळून कुणालातरी विचारलं, आतून चहा पिता पिता आवाज आला, "शाळाबाह्य टाक", आणि मॅडमनी लाल पेनानं, चांगल्या ठळक अक्षरात, टाकलं.

माझी आई नगर जिल्ह्यात झेडपीची शिक्षिका होती (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच आहे). कारखाना सुरू झाला की ती ऊसतोडीच्या खोपटांमधून, वीटभट्ट्यांवरून शाळाबाह्य मुलं शोधत फिरायची, यादी करायची, आयांची समजूत घालायची, संध्याकाळी धुळीनं माखून घरी यायची. आता तिची नात त्या यादीत. आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

एवढ्यावर भागलं असतं तर मी घरी जाऊन नवऱ्यावर चिडले असते आणि विषय संपला असता. पण माझ्या मागं रांगेत एक काका उभे होते. फुल शर्ट, इस्त्रीची पँट, खांद्यावर पंचा, आणि डोक्याला स्विमिंगची निळी टोपी घट्ट बसवलेली, कपाळावर गॉगल. पाण्यात उतरायला अजून अर्धा तास होता पण टोपी घरूनच घालून आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचला, आणि त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला.

"ताई, फीचा प्रॉब्लेम आहे का?"

मी म्हटलं नाही हो काका.

"लाजू नका. पंचवीस टक्क्यांत बसवू. आरटीईमधून. माझी ओळख आहे, मी रिटायर्ड हेडमास्तर. वह्या मी देईन." मग मोठीकडे वाकून, "बाळा, शाळा का सोडलीस गं?"

"मी गेलेच नाही कधी," मोठी म्हणाली. खरं बोलायला शिकवलंय ना आम्ही.

काकांनी गॉगल डोळ्यांवर ओढला. शप्पथ. मला वाटतं डोळे पुसायचे असतील पण हाताला तेच लागलं.

मला तिथंच गप्प बसता आलं असतं, चार वह्या मिळाल्या असत्या. पण मी सांगितलं की काका, मी एम.एस्सी. आहे, नवरा इंजिनियर आहे, आम्ही ठरवून घरी शिकवतो. झालं. दया गेली आणि चौकशी सुरू झाली. नाव काय पोरीचं? नाव जुन्या करारातलं आहे, आडनाव अस्सल देशावरचं. दोन्ही एकत्र ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात काहीतरी खटखटतं ते मला लहानपणापासून दिसत आलंय, आधी आडनाव पोचतं, मग नाव पोचतं, मग ट्यूब पेटते.

"म्हणजे तुम्ही ख्रिश्चन?"

"हो."

"अहो मग सगळ्या शाळा तुमच्याच की!"

हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्यांदा म्हटलं की खिडकीतल्या मॅडमनी स्टेपलर खाली ठेवला. काकांचं म्हणणं असं की अर्ध्या पुण्यानं कॉन्व्हेंटच्या ॲडमिशनसाठी देव पाण्यात ठेवायचे, आणि ज्यांच्या शाळा त्यांची पोरं घरी? हा काय प्रकार आहे? मी सांगायचा प्रयत्न केला की माझ्या नावावर एक बेंचसुद्धा नाहीये. पण त्यांच्या नातवाला एका कॉन्व्हेंटनं केजीला घेतलं नव्हतं, ते दुःख ताजं होतं आणि त्याचा हिशोब द्यायला अखेर कुणीतरी जबाबदार माणूस सापडलं होतं. इंटरव्ह्यूत पोराला ऑरेंज कलर विचारला, त्यानं केशरी सांगितलं, यात त्याचं काय चुकलं? तुमच्या फादरना जरा सांगा. मी म्हटलं आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे फादर नसतात, पाळक असतात. "तेच ते. त्यांना सांगा."

आमच्या पाळकसाहेबांना स्वतःच्या मुलाच्या ॲडमिशनसाठी दोन वर्षं चपला झिजवाव्या लागल्या, पण हे काकांना कुठं सांगत बसू.

तेवढ्यात त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला. विषय इतिहास, दुर्दैव माझं. "सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग कुठं घेतलं, सांगा. नगरला! मिस फॅरारबाईंकडे! कोण त्या? तुमच्या अमेरिकन मिशनच्या! मग १८४८ ला पुण्यात येऊन अंगावर शेण झेललं त्या माउलीनं, कशासाठी? मुलींनी घरी बसावं म्हणून?"

रांगेत माना हलल्या. मी नगरची, फॅरारबाई माझ्याच अंगावर घातल्या याचा मला भयंकर राग आला आणि रागात माणूस हुकमाचं पान लवकर टाकतं. मी म्हटलं, "काका, पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईवडलांनीच संस्कृत शिकवलं ना, जंगलात आणि तीर्थयात्रेत? आणि १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती पदवी दिलीच ना?"

काका हसले. असं हसले की मला कळलं आपण गेलो.

"आणि मग रमाबाईंनी काय केलं? १८८९? शारदा सदन! शाळाच काढली ना बाई!"

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. कोण तो मला शोधायचाय.

मग परीक्षा. होमस्कूलवाल्यांच्या पोरांना ही सवय असते, लग्नात, रेल्वेत, लिफ्टमध्ये, कुणीही येऊन परीक्षा घेतं. शाळेत जाणाऱ्या पोराला लिफ्टमध्ये कुणी राजधानी विचारत नाही. "भारताची राजधानी?" मोठी म्हणाली, आधी कलकत्ता होती, १९११ ला दिल्लीला न्यायचं जाहीर झालं, नवी दिल्लीचं उद्घाटन १९३१ ला, तुम्हाला कुठल्या सालची हवीय? काका म्हणाले दिल्ली एवढंच म्हणायचं असतं. "बरं, एकोणतीस सत्ते?" तिनं छताकडे पाहिलं. तीस सत्ते दोनशे दहा, त्यातून सात गेले, दोनशे तीन.

"असं नाही! पाठ म्हण!"

"पण बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, पण पाठ नाहीये. पावकी येते? निमकी? औटकी?" (पाव, अर्धा आणि साडेतीनचे जुने पाढे.)

खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या औटकी मलाही येत नाही हो. काका म्हणाले म्हणूनच देश मागं आहे. मॅडम गप्प झाल्या आणि त्यांनी माझाच फॉर्म उगाच जोरात स्टेपल केला.

आणि मग ते जवळ आले, आवाज खाली, मघाचा नाटकीपणा सगळा गेलेला. "ताई, खरं सांगा. घरी नुसतं बायबलच शिकवता का?"

इथवर मला हसू येत होतं. इथं गेलं. म्हणजे बघा, शाळा काढल्या तर शाळांमधून काय शिकवता म्हणून बघतात, घरी बसवलं तर घरात काय शिकवता. आणि विचारणारा माणूस वाईट नव्हता, मघाशी वह्या द्यायला निघाला होता, म्हणूनच जास्त लागलं. शिकवतो हो बायबल. सकाळी पंधरा मिनिटं, वचन पाठ, एक गीत, धाकटा त्यातही झोपतो. मग गणित, मग बालभारती, जी फुकट डाउनलोड होते आणि खरंच चांगली असते.

अमेरिकेहून मागवलेलं खोकंही आहे, त्याची वेगळीच कथा. त्यात गणिताचं पुस्तक आहे ज्यात सगळी नाणी निकल, डाइम आणि क्वार्टर. धाकट्याला तीन डाइम आणि एक निकल म्हणजे पस्तीस सेंट हे झोपेतही येतं, आणि मंडईत कोथिंबिरीचे पंधरा देऊन वीसच्या नोटेतले पाच परत घ्यायचे तर तो भाजीवालीकडेच प्रेमानं बघत राहतो. पानापानावर बर्फ. पोरं पुण्यात, एप्रिलात, उघडी बसून स्नोमॅनला बटणं किती ते मोजतायत. एवढी कस्टम ड्यूटी भरल्यावर पुस्तक फेकवतही नाही.

आमचा एक ग्रुप आहे, होमस्कूल करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा. मल्याळी जास्त, तमिळ, दोन नागा कुटुंबं, मराठी आम्ही हाताच्या बोटांवर. शुक्रवारी भेटतो, एक अच्चायन (म्हणजे केरळी ख्रिस्ती काका) फिजिक्स शिकवतात, मी केमिस्ट्री, म्हणजे लिंबू आणि खाण्याचा सोडा. बाकी डायनासोर किती जुने (बायबलच्या हिशोबानं की विज्ञानाच्या) हा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम आहे, एकदा निघाला होता तेव्हा डबे न उघडताच लोक घरी गेले. व्हॉट्सॲपवर प्रार्थनेच्या विनंत्या येतात, त्यातल्या निम्म्या प्रिंटरसाठी असतात. ग्रुपमधली एक टेक्सासहून परत आलेली, तिला मी हा किस्सा सांगितला तर म्हणे टेक्सासमध्ये तर कुणाला कळवावंही लागत नाही, आणि होमस्कूलवाल्यांसाठी लढणारी वकिलांची संघटनाच आहे तिकडं, १९८३ पासून. मी म्हटलं बाई, मला वकील नको, शिक्का हवाय.

या ग्रुपचं आवडतं वचन बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं, की देवाच्या गोष्टी लेकरांना घरी बसता, वाटेनं चालता, निजता आणि उठता शिकवाव्यात. सगळ्यांच्या फ्रिजवर लावलेलं असतं. फार सुंदर आहे, फक्त निजता आणि उठता कोण शिकवणार ते त्यात लिहिलेलं नाही. नवरा ऑफिसला जातो, रविवारी चर्चबाहेर लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणतात, ब्रदर, मोठं पाऊल उचललंत हं तुम्ही. तो नम्रपणे मान खाली घालतो. मी शेजारी उभी असते, पर्समध्ये अपूर्णांकाचे तुकडे.

आणि चर्चमध्ये तरी सहानुभूती मिळेल म्हणता? आमचं अर्धं चर्च रिटायर्ड मिशन शाळेच्या बाई आणि उरलेलं रिटायर्ड सिस्टर. आमच्याकडे मुलगी शिकली की डी.एड. किंवा नर्सिंग, तिसरा रस्ता नव्हताच, आणि त्याच दोन रस्त्यांनी आमच्या आज्या गावकुसाबाहेरून पक्क्या घरात आल्या. त्यांना शाळा नको म्हणणारी सून म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. महिला मंडळात मी तलावाचा किस्सा अगदी रंगवून सांगितला, टोपीसकट. कुणी हसेना. एक मावशी, पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या, शांतपणे म्हणाल्या, "पण मग औटकी येते का तिला?"

लॉकडाऊनमध्ये अख्ख्या महाराष्ट्राची पोरं घरी होती, मोबाईलवर कॅमेरा बंद करून शाळा चालली होती, तेव्हा ती सगळी विद्यार्थी. त्यांना बोनाफाईड मिळत होतं. तेव्हा कुणी कुणाला पोरांना मित्र कसे मिळणार हो, असं विचारलं नाही. आमच्या सोसायटीत संध्याकाळी क्रिकेटच्या नावाखाली जो दंगा होतो त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या दोघांचा असतो, तरी सेक्रेटरीबाई मला दर महिन्याला सोशल स्किलचं विचारतात. चौदा पूर्ण झाले की एनआयओएस या मुक्त शाळेमधून दहावी देता येते, केंद्र सरकारचंच बोर्ड आहे, हे मी काकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे नापासांचं." मग म्हणाले सहा ते चौदा शिक्षण सक्तीचं आहे, तुम्हाला आत टाकतील. मी म्हटलं २००९ चा कायदा आहे, त्यात आईबापांना शिक्षा कुठल्या कलमात लिहिलीय ते दाखवा. त्यावर मात्र ते काही बोलले नाहीत, पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तेवढा एक पॉइंट माझा.

सवलत नाहीच मिळाली. पावती फाडली ती पूर्ण पैशांची, आणि बोनाफाईड नाही म्हणून मुलांच्या संध्याकाळच्या बॅचलाही घेतलं नाही, जनरलमध्ये टाकली, सकाळी सहाची. मी गॅलरीत बसते, कारण पालक हजर पाहिजे. जनरलमध्ये बहुतेक पेन्शनर आहेत, कडेला धरून पाय हलवत राजकारण बोलतात. काका चांगले पोहतात, हे कबूल करायला हवं, पाठीवर पडून तासभर तरंगतात, आणि मोठी जवळून गेली की तसेच पडल्या पडल्या विचारतात, "सतरा सक्कं?"

ती श्वास घेते आणि बुडी मारते. कोच म्हणाले, आठवड्यात दम फार छान वाढलाय तिचा.