मी लावलेला फॉन्ट बदलायचा अधिकार सॉफ्टवेअरला दिला कुणी?

प्रिंट काढताना वर्डसारखं सॉफ्टवेअर आपल्या मनाने फॉन्ट बदलतं, ओळी सरकवतं, पान आवळतं, आणि हे सगळं करताना एका शब्दाने सांगत नाही. स्क्रीनवर एक दिसतं, कागदावर दुसरंच उतरतं. समोर उभा असलेला माणूस मग माझ्याकडे बघतो, कॉम्प्युटरकडे नाही. तळपायाची आग मस्तकात जाते.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. तहसील, कोर्ट, रजिस्ट्रीचं ऑफिस, सगळं चालत जाण्याजोगं. त्यामुळे दिवसभर हाताखाली येतात ती शपथपत्रं, संमतीपत्रं, वाटणीपत्रं, वारस नोंदीचे अर्ज. यातला एकही कागद असा नाही की ज्यात दोन ओळी इकडच्या तिकडे झाल्या तर चालून जाईल. लग्नाच्या पत्रिकेत फॉन्ट बदलला तर फार तर पाव्हणे नाव ठेवतील. वाटणीपत्रात गट नंबर एका ओळीवर आणि क्षेत्र दुसऱ्या ओळीवर गेलं की भाऊबंदकीला निमित्त मिळतं.

वंशावळीचंच घ्या. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हापासून आमच्या भागात कुणबी दाखल्यासाठी घरोघर वंशावळी काढायचं चालू आहे. निजामाच्या काळातले उर्दू कागद, मोडीतल्या नोंदी, खासरा पाहणी पत्रक, शाळेचा निर्गम उतारा, असं कुठून कुठून शोधून माणसं पंज्याच्याही वरची नावं जमवून आणतात. त्यासाठी हेलपाटे घालतात, जुन्या जाणत्यांना विचारतात, भाषांतराचे पैसे भरतात. मग ती नावं चौकटीत बसवायची, चौकटींना रेघा जोडायच्या. कोण कुणाचा मुलगा हे त्या रेघेवरूनच कळतं. तीच रेघ हा पुरावा.

अशी एक वंशावळ मी एका आप्पांना करून दिली. पाच पिढ्या, तीन भावांचा विस्तार, एका पानात नीट बसवलेला. त्यांच्या नातवाने फाइल मोबाइलवर घेतली आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन तिथे प्रिंट काढली. तिथल्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता. सॉफ्टवेअरने दुसरा कुठलातरी लावून टाकला. तो फॉन्ट रुंद. एका ओळीत बसणारं नाव दोन ओळींत गेलं, चौकट फुगली, खालच्या सगळ्या चौकटी सरकल्या. रेघा मात्र जागच्या जागी, कारण चौकट मी मजकुराला बांधलेली होती आणि रेघ पानाला. मधल्या भावाची पोरं थोरल्याच्या रेघेखाली जाऊन बसली. सगळ्यात खालची पिढी, म्हणजे ज्याला दाखला पाहिजे तो नातूच, दुसऱ्या पानावर एकटा, वर ना रेघ ना बाप.

आप्पा कागद घेऊन माझ्याकडे आले. "आरं, माझ्या चुलत्याची पोरं माझ्या बापाखाली कशी काय आली? बाबू म्हणतोय नोंद वायली अन् वंशावळ वायली. माणूस खोटा ठरला ना माझा." सत्तरीच्या पुढचा माणूस, एसटीने जिल्ह्याला जाऊन रांगेत उभा राहिला आणि त्याच्या घराण्याची नावं चुकीची लावली म्हणून खिडकीवरून परत आला. ती नावं चुकीची लावली कुणी? आप्पांनी नाही, नातवाने नाही, खिडकीवरच्या माणसाने तर नाहीच. लावली त्या प्रोग्रामने, कुणालाही न विचारता.

आता हे होतं कसं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं टाइप करणाऱ्याने हलगर्जीपणा केला. फाइलमध्ये सहसा फॉन्ट नसतो, फॉन्टचं फक्त नाव असतं. अमुक फॉन्ट, अमुक साइझ, एवढंच लिहिलेलं. फाइल दुसरीकडे उघडली आणि तिथे त्या नावाचा फॉन्ट नसला की सॉफ्टवेअर जवळचा वाटेल तो उचलतं. इंग्रजीत असं झालं तर चार-दोन शब्द पुढेमागे होतात, तेवढंच. देवनागरीत तसं नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, रुकार, त्यावर जोडाक्षरं. ही सगळी उंची धरून प्रत्येक फॉन्टवाल्याने ओळीची जागा आपापल्या हिशोबाने ठरवलेली. कृतिदेव 16 ला टाइप केलं तर जेवढं दिसतं तेवढं मंगलमध्ये 12 लाच दिसतं, आणि मंगलच्या दोन ओळींमधलं अंतर मुळातच जास्त. म्हणजे नुसता फॉन्ट बदलला तरी एका पानाचं काम दीड पानावर जातं. कृतिदेवचा यात दोष नाही, मंगलचाही नाही. दोष मधल्यामध्ये अदलाबदल करणाऱ्याचा.

आणि जुन्या फॉन्टमधलं काम असेल तर विचारूच नका. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांमध्ये टाइप केलेल्या मजकुरात आत खरी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट काढून घेतला की कृतिदेवमधल्या 'मराठी' या शब्दाच्या जागी ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं छापून येतात. माझ्याकडे शाळेचे मास्तर प्रश्नपत्रिका घेऊन येतात, ग्रामपंचायतीचे ठराव येतात, वकिलांचे वीस वर्षांचे नमुने आहेत, सगळं ह्याच फॉन्टमध्ये. कुणी म्हणेल युनिकोड करून टाका, म्हणजे ज्यात आत खरी मराठी अक्षरं असतात त्या पद्धतीत. करतोच आहे. पण कन्व्हर्ट करताना रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ऱ्हस्व वेलांटी मागे पडते, प्रत्येक पान डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. समोर दहा माणसं उभी असताना ते व्हायचं कसं? आणि सॉफ्टवेअरला त्या क्षणी पक्कं माहीत असतं की फाइलमध्ये सांगितलेला फॉन्ट इथे नाही. माहीत असून ते शंभर पानं कचरा छापतं. थांबत नाही.

युनिकोडमध्ये तरी कुठे सुख आहे? वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव एक दिसतं आणि मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये असतो, कारण देवनागरीचा फॉन्ट सॉफ्टवेअर आत वेगळ्या खान्यात ठेवतं, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणून. स्टाइल बनवताना तो खाना वेगळा भरला नाही तर इंग्रजीला माझा फॉन्ट आणि मराठीला त्याच्या मर्जीतला. ल हिंदी वळणाचा दंडवाला येतो, आपला पाकळीचा ल जातो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला र कुठे पाय मोडून उभा, कुठे गोल ठिपक्यांचं वर्तुळ. 'ॲडव्होकेट'मधल्या ॲच्या जागी जुन्या फॉन्टमध्ये नुसता चौकोन. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही दुकानासमोर पेढे वाटले. आणि त्याच मराठीतल्या ॲडव्होकेटचं नाव वकीलपत्रावर धड छापून येत नाही. हे सहन कसं करायचं?

दसऱ्याच्या आधी मुकादमांची गर्दी असते. ऊसतोडीच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ रकमेचे, करार. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, किती उचल, नाव, गाव, अंगठा, असा तक्ता असतो. रकमेचा रकाना मी बरोबर मापात ठेवतो. दुसऱ्या मशिनवर फॉन्ट बदलून प्रिंट काढली तर आकडे रकान्यात मावत नाहीत, आणि सॉफ्टवेअर रक्कम मधूनच तोडतं. वरच्या ओळीत 1,50, आणि खालच्या ओळीत 000. घाईत वाचणाऱ्याला काय दिसणार? ज्या माणसाने त्या रकमेवर अंगठा उठवून सहा महिने बायकापोरांसह परमुलखात ऊस तोडायचा, त्याच्या कागदावर आकडा तुटलेला. वाद झाला की हाच कागद पुढे येतो. ह्याला मी किरकोळ गोष्ट म्हणणार नाही.

बाँडवर तर एकदाच संधी असते. ऑक्टोबर 2024 पासून करारांना शंभर-दोनशेच्या बाँडवर भागत नाही, 500 चा मुद्रांक लागतो. वर मुद्रांक छापलेला, त्यामुळे मजकूर खालच्या भागातच सुरू व्हायला पाहिजे. मी वरचा समास मोजून ठेवतो, साध्या कागदावर नमुना काढतो, तो बाँडवर ठेवून उजेडाला धरून बघतो. सगळं बरोबर. बाँड ट्रेमध्ये घालतो, आणि प्रिंटर बदलला म्हणून सॉफ्टवेअर पान पुन्हा मांडतं. समास प्रिंटरच्या हिशोबाने 'दुरुस्त' होतो, पहिली ओळ मुद्रांकावर चढते, शेवटी 'लिहून देणार' आणि 'साक्षीदार' हे दोन शब्द पुढच्या कोऱ्या पानावर. ज्या पानावर मजकूर नाही त्या पानावर सही करायला कुणीही शहाणा माणूस तयार होत नाही. पाचशे रुपये मातीत. नवा आणायला जावं तर वेंडर म्हणतो संपले, उद्या या. आणि ज्यांचा करार आहे ती चार माणसं चार गावांहून सुट्टी काढून आलेली असतात.

मग येतो तो 'फिट टू पेज'. हा पर्याय प्रिंटच्या खिडकीत बऱ्याचदा आपोआप चालू असतो. लीगल साइझचं पान 14 इंच उंच, ए4 साधारण पावणेबारा इंच. लीगलचा मजकूर ए4 वर बसवायचा तर तो 83 टक्क्यांवर आवळावा लागतो. 12 पॉइंटचं अक्षर 10 पॉइंटचं होतं, आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर कोरी पट्टी सुटते. साठीच्या माणसाला त्यातला रुकार दिसत नाही. फोटोची चौकट 35 बाय 45 मिलिमीटरची ठेवलेली असते, तीही आक्रसते; फोटो चिकटवायला जावं तर बाहेर येतो. नवीन कॉम्प्युटर घेतला की बऱ्याचदा कागद 'लेटर' धरलेला असतो, 11 इंची, अमेरिकेतला. आमच्या अख्ख्या बाजारात त्या मापाचं रीम मिळत नाही. मग सॉफ्टवेअर लेटरचं ए4 करतं, ए4 चं लेटर करतं, दर वेळी थोडं ताणतं, थोडं आवळतं.

ज्यांना दुकानात बसायचं नाही ते लगेच सांगतात, पीडीएफ करा, फॉन्ट आत बसतो, प्रश्न मिटला. पीडीएफमध्ये फॉन्ट बसतो हे खरं, आणि मी गिऱ्हाइकाला पीडीएफच देतो. पण लोकांना तारीख बदलायची असते, नाव दुरुस्त करायचं असतं, वकिलाला एक परिच्छेद वाढवायचा असतो. त्यांना वर्डचीच फाइल लागते. मूळ फाइलमध्ये फॉन्ट सोबत ठेवायची सोय आहे, पण ती सेटिंगच्या पोटात दडवलेली आणि मुळात बंद. शिवाय सगळे फॉन्ट तशी परवानगी देत नाहीत. आणि पीडीएफ केली तरी छापताना तोच 'फिट' समोर. मी तो काढून 'ॲक्च्युअल साइझ' लावतो, अपडेट येतं आणि परत 'फिट'. दिवसाला किती कागद निघतात माझ्याकडे, प्रत्येक वेळी ती खिडकी उघडून खालच्या कोपऱ्यात बघत बसू का?

मला सॉफ्टवेअरने हुशारी दाखवायला नको आहे. फॉन्ट सापडला नाही तर छापायच्या आधी मोठ्या अक्षरात सांग, अमुक फॉन्ट नाही, त्याच्याऐवजी तमुक लावू का. पान मावत नसेल तर विचार, आवळू की कापू की थांबू. प्रिंटर बदलल्यामुळे मांडणी बदलणार असेल तर बदललेलं पान आधी स्क्रीनवर दाखव. मी 'नको' म्हटलं की ते 'नको' महिन्यानेही 'नको'च राहू दे. एवढी एक चौकट दाखवायला काय जातं? प्रत्येक अपडेटला रंग बदलतात, बटणं हलवतात, नको ते सल्ले देणारी खिडकी उजवीकडून बाहेर काढतात. फॉन्ट बदलला हे छापायच्या आधी सांगायची एक ओळ मात्र वर्डवाल्यांना अजून सुचत नाही.

आप्पांची वंशावळ मी परत काढून दिली, पीडीएफमध्ये, माझ्याच प्रिंटरवर, आणि पैसे घेतले नाहीत. खराब झालेल्या बाँडचे पाचशेही माझ्याच गल्ल्यातून जातात. ज्यांनी ती आपोआप बदलायची सोय केली, त्यांच्याकडे कुणी बिल घेऊन जात नाही. जायला पाहिजे.