ग्रीन कार्डासाठी योग्य जन्म कसा घ्यावा

अमेरिकेत जाऊन कायमचं राहायचं ठरवलंत? अभिनंदन. घरी मात्र 'दोनच वर्षं, जरा अनुभव घेतो आणि येतो' एवढंच सांगा. आईला धक्के हप्त्याहप्त्याने द्यावेत. आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना: भारतात जन्म घेऊ नका.

उशीर झाला म्हणता? झालाच आहे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली फार तर ७ टक्के, हे गणित १९९० च्या कायद्याने घालून दिलंय. आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला, म्हणून आपली रांग लांबलचक. शिवाय देश ठरतो तो पासपोर्टावरून नाही, जन्मस्थळावरून. बाळंतपणाला आई मिरजेऐवजी मस्कतला असती, तर आज तुम्ही अमेरिकेचे नागरिक होऊन तिथल्या टॅक्सच्या नावाने बोटं मोडत बसला असता.

पण लग्न व्हायचंय ना अजून? मग आशा आहे. जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत शिरायची सोय कायद्यातच आहे. तेव्हा मंगळ, नाडी, गोत्र सगळं राहू द्या, पत्रिकेत आधी जन्मस्थळ बघा. छत्तीस गुण जुळले आणि जन्म सांगलीचा, असलं स्थळ काय चाटायचंय? 'जन्मस्थळ : दुबई' दिसलं, की कांदेपोहे तुम्ही करून न्या.

ते जमलं नाही तर नेहमीचा मार्ग. आधी एच-वन-बीची, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाची, लॉटरी. ती लागली, की पुढे कधीतरी कंपनी ग्रीन कार्डासाठी तुमच्याच नोकरीची जाहिरात दोन रविवार पेपरात छापते. लायक अमेरिकन माणूस मिळाला तर तुमचं प्रकरण तिथेच बारगळलं. आपल्याच खुर्चीला गिऱ्हाईक येऊ नये म्हणून सिद्धिविनायकाला नवस बोलायची ही वेळ.

त्यातून पार पडलात, की हाती लागते प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतला तुमचा नंबर ठरवणारी तारीख. लग्नाचा वाढदिवस विसरलात तरी निभावेल, ही तारीख विसरू नका. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, आरती संपून प्रसादाच्या रांगेत उभे असताना, कुणीतरी विचारणारच.

"तुमची कितीची?"

"चौदाचा मार्च."

"अरे वा, आलंच की मग! आमची एकोणीसची."

यावर चेहरा गंभीर ठेवावा. २०२५ च्या ऑक्टोबरात ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्चशिक्षितांच्या रांगेत, भारताची तारीख २०१३ च्या एप्रिलवर होती, म्हणजे त्याआधीच्यांचाच नंबर लागत होता, आणि ती पुढे सरकते तशी मागेही येते. तोवर साहेबाशी भांडू नका. एच-वन-बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. त्यामुळे साहेबाचे विनोद आवडत असल्याची सवय लावून घ्या.

मुलांचं नियोजनही नीट हवं. मिरजेत जन्मलेली थोरली २१ ची झाली, की सहसा तुमच्या अर्जातून बाहेर पडते आणि तिला तिचा व्हिसा शोधावा लागतो. न्यू जर्सीत जन्मलेला धाकटा २१ चा झाला, की आईबापांना स्पॉन्सर करू शकतो, आणि त्या रांगेला वार्षिक मर्यादाच नाही. तेव्हा धाकट्याला आतापासूनच अहोजाहो करा. गणिताला शिकवणी लावलीत तरी चालेल, पण ओरडू नका.

ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व. हात वर करून परक्या राजेरजवाड्यांवरची निष्ठा सोडल्याची शपथ घ्यायची. आपल्याकडे राजे उरलेले नाहीत, त्यामुळे हे सोपं जातं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून जुना पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड, काढायचं. मतदान बंद, शेतजमीन विकत घेणं बंद.

ही बातमी गावात सगळ्यात आधी चुलतभावाला लागते. "आता तू परदेशी, सातबाऱ्यावर नाव ठेवून काय करणार? ये आणि सही करून जा," असा प्रेमळ फोन येईल. वारशाने आलेली शेतजमीन ओसीआयवाल्याला ठेवता येते, हे त्याला तितक्याच प्रेमाने सांगा. तो वकिलाला विचारून परत फोन करेल, तुमच्याकडे रात्रीचे तीन वाजलेले असताना.