'टॅब असताना ई-रीडर कशाला?' त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, आमच्या गावच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घेणं म्हणजे पैसे पाण्यात, तेवढ्यात टॅब येतो. टॅबला रीडिंग मोड लावला की स्क्रीन सारखीच, बॅटरीचं म्हणाल तर चार्जर काय घरोघरी आहे, मराठी पुस्तकं त्यात नसतात आणि असली तरी कंपनीच्याच दुकानातली घ्यावी लागतात, शिवाय टॅबवर वाचनासोबत बाकी सगळंही होतं. माझ्याकडे २०१९ पासून दोन्ही आहेत आणि मी राहते कोकणात आंजर्ल्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला यावर नीट बोलायचंय.

स्क्रीन सारखीच, हे तर साफ चूक. टॅबच्या स्क्रीनचा उजेड आतून थेट आपल्या डोळ्यांकडे येतो, रीडिंग मोडने फक्त रंग पिवळट होतो, उजेड येतो तो तसाच. ई-रीडरमध्ये ई-इंक असते, म्हणजे बारीक बारीक कॅप्सूल आणि त्यांत पांढरे-काळे कण, विजेने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं, मग ते अक्षर आपण वाचतो ते बाहेरच्या उजेडात, कागदासारखंच. रात्रीसाठी कडेला छोटे दिवे असतात पण त्यांचा उजेडही पानावर पडतो. आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या दुपारी चारच्या सुमारास पडवीत बसतात, तेव्हा पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं. टॅब हातात दिला तर त्यात त्यांना स्वतःचा चेहरा आणि मागचा माड दिसतो, ब्राइटनेस पूर्ण वाढवला तरी तेच. ई-रीडरवर ऊन जितकं जास्त तितकं अक्षर स्वच्छ. अक्षर मोठं करून दिलंय, एका पानावर जेमतेम आठ ओळी मावतात, आणि मी मध्ये सेटिंगला हात लावला की म्हणतात, "अगो, ते तसंच राहूदे, मला बरं दिसतंय." वजनही बघा, सहा-सात इंची ई-रीडर साधारण दोनशे ग्रॅम, दहा इंची टॅब पाचशेच्या घरात, त्यांच्या मनगटाला तो फरक लगेच कळतो.

मात्र दुसऱ्या बाजूनेही काहीबाही पसरतं तेही खोडते, टॅबच्या निळ्या उजेडाने डोळे कायमचे खराब होतात असा पुरावा नाही. झोपेचा मुद्दा वेगळा. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, त्यात झोपण्याआधी आयपॅडवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. माणसं बाराच होती, म्हणून त्यावर फार मोठा दावा मी करणार नाही.

चार्जर घरोघरी आहे, खरंय, पण लाईट? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माडपोफळी आडव्या, खांब आडवे, आमच्याकडे लाईट यायला तीन आठवड्यांच्या वर गेले. टॅब दुसऱ्या दिवशी रात्रीच बंद पडला. ई-रीडर दिवसाउजेडी, आतला दिवा बंद ठेवून, रोज दोन-तीन तास वाचून बारा दिवस चालला, कारण पान बदलतानाच काय ती वीज लागते, पान नुसतं समोर उघडं असेल तर जवळजवळ लागतच नाही. कंपन्या 'कित्येक आठवडे' लिहितात ते रोज अर्धा तास वाचन धरून, ते तसंच्या तसं खरं धरू नका. पण बारा दिवस! तेव्हा छपराचे पत्रे उडालेले, माळ्यावरची पुस्तकं भिजून लगदा झालेली, आणि घरात वाचण्याजोगं तेवढंच एक उरलं होतं. वादळ सोडा, दर पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की दोन दिवस अंधार हे आपल्याकडे नेहमीचंच.

मराठी पुस्तकं नसतात हे २०१६ च्या आधी म्हणाला असतात तर मान्य केलं असतं. त्या वर्षी डिसेंबरात किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी आलं आणि आता पुष्कळ मिळतं, सगळं नाही, पण पुष्कळ. फक्त दुकानातलीच चालतात हेही चूक, कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाईलचा नेहमीचा प्रकार, थेट उघडतं आणि किंडलवर २०२२ पासून ईपब फाईल पाठवता येते.

पण एका बाबतीत मेसेजवाल्याचं बरोबर आहे, आणि ते त्याने नीट सांगितलेलंच नाही. पीडीएफ. साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवर फुकट पुस्तकं आहेत, सोन्यासारखी, पण पीडीएफमध्ये, आणि स्कॅन केलेलं पान सहा इंचांवर आणलं की जोडाक्षरं मुंगीएवढी होतात, झूम करून सरकवत बसायला लागतं. ती मी टॅबवरच वाचते. माझ्या पुतण्याला दहावीला व्हिडिओ, रंगीत आकृत्या, नकाशे सगळं लागतं, त्याला मीच टॅब घ्यायला सांगितला.

राहिलं 'टॅबवर बाकी सगळंही होतं', आणि माझं खरं भांडण याच्याशीच आहे. होतं ना, म्हणूनच वाचन होत नाही. पाच पानं झाली की वरून नोटिफिकेशन खाली येतं, कुणाच्या लग्नाचे फोटो, मग व्हिडिओ, मग अर्धा तास गेला आणि पुस्तक कुठे उघडं होतं तेही आठवत नाही. मी स्वतः टॅबवर एक कादंबरी चार महिने ओढली आणि अर्धवट सोडली, तीच ई-रीडरवर नऊ दिवसांत संपली. ई-रीडरला बाकी काही येत नाही हा त्याचा दोष म्हणून सांगताय, मला तर त्याचेच पैसे द्यावेसे वाटतात.

ज्यांना मुलांच्या अभ्यासासाठी घ्यायचंय त्यांनी टॅब घ्या, बिनधास्त. ज्यांच्या घरी वाचणारं म्हातारं माणूस आहे त्यांनी घेण्याआधी एकदा आमच्याकडे या, चारच्या उन्हात पडवीत दोन्ही शेजारी ठेवून दाखवते.