ही कशाची वायर?

नव्याशी जुळवून घ्यायला मला कुणी शिकवू नये. मिनी यूएसबी गेली, मायक्रो आली. अंधारात चाचपडत ती सुलट बाजूने खुपसायची सवय लागते न लागते तोच टाइप-सी आली, तिला तर उलटसुलट काही नाहीच. तिच्याशीही जमलं. घोडं अडतं ते जुन्याला घालवताना.

आमच्याकडे वायरींचा एक खण आहे. तो अर्धाच उघडतो, कारण आत एक चार्जर आडवा पडलेला असतो. बोटं घालून त्याला मागे ढकलावं, तर सगळा गुंता एकदम बाहेर येतो. परवा बायकोने हुकूम सोडला, "आज हा खण रिकामा झाला पाहिजे."

पहिलीच वायर निघाली ती अशी, की जिचं एक टोक घरातल्या कुठल्याच यंत्रात जात नाही.

"ही कशाची?"

"माहीत नाही."

"मग टाक."

"अगं, कशाची ते कळल्याशिवाय टाकायची कशी?"

"आणि कळलं तर?"

"मग टाकायचा प्रश्नच नाही. कामाची निघाली ना!"

शास्त्रही माझ्याच बाजूने आहे. कानेमन, नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी 1990 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग फुकट दिले आणि ते विकायला सांगितले. घेणारे जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट किंमत या नव्या मालकांनी मागितली. तो कॉफीचा मग त्यांच्या हातात पडून असा किती वेळ झाला होता? आमचा आणि या वायरीचा तर वर्षानुवर्षांचा घरोबा!

"त्या वायरीचा विचारच करू नकोस," बायको म्हणाली. हे सांगणं सोपं. वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलं होतं. घंट्या वाजतच राहिल्या.

तरी मन घट्ट केलं. ई-कचऱ्याची पिशवी गच्च भरली. तोंड बांधायला दोरी काही मिळेना, म्हणून तीच वायर वर काढून गुंडाळली. अशी पक्की गाठ बसली म्हणता!

पिशवी अजून दारातच आहे. बायको रोज विचारते, कधी देणार? दुसरी दोरी मिळाली की लगेच. कामाची वायर कोणी कचऱ्यात देतं का?