निश्चयक शून्य नाही, एवढ्यावर भागत नाही
हिल सायफर या संदेश गुप्त करण्याच्या पद्धतीत अक्षरांना ० ते २५ असे आकडे देतात आणि आकड्यांच्या जोड्यांना एका मॅट्रिक्सने (आकड्यांच्या चौकटीने) गुणतात; ती मॅट्रिक्स म्हणजे किल्ली. या पद्धतीवरच्या एका लेखात किल्लीच्या मॅट्रिक्ससाठी ‘निश्चयक (determinant; [अ ब, क ड] साठी अ×ड − ब×क) शून्य नको’ एवढीच अट दिली आहे, ती अपुरी आहे. लेस्टर हिल यांच्या १९२९ च्या या पद्धतीत सगळा हिशेब २६ ने भागून उरणाऱ्या बाकीवर चालतो. २६ म्हणजे २ × १३, म्हणून निश्चयक विषम हवा, शिवाय १३ ने भाग जाता कामा नये. [३ २, १ २] (पहिली ओळ ३ २, दुसरी १ २) घ्या. निश्चयक ४, पण (०, ०) आणि (०, १३) या दोन्ही जोड्यांचं (०, ०)च होतं, मग संदेश उलगडणार कसा?

[३ ३, २ ५] मात्र चालते. निश्चयक ९, त्याचा व्यस्त ३ (९ × ३ = २७, २६ ने भागून बाकी १), संदेश उलगडणारी उलट मॅट्रिक्स [१५ १७, २० ९]. (७, ८) चं (१९, २) होतं आणि परत (७, ८) मिळतं. उलट मॅट्रिक्समध्ये अपूर्णांक आले, तर ९ ने भागलंय. ३ ने गुणायचं असतं. इथे अडकायला होतं.