माल खपवायला डीलर, नंतर 'कस्टमरला कॉल करायला सांगा'

तिमाही संपत आली की लॅपटॉप कंपनीच्या सेल्समनला आम्हा डीलरांची फार आठवण येते. "दादा, अजून पाच पीस उचला, टार्गेटला थोडंच कमी पडतंय." उचलतो. पैसे आगाऊ, स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे सवलतीची रक्कम खात्यात वळती झाल्याचा कागद, येईल तेव्हा येईल. तोच मॉडेल ऑनलाइन सेलमध्ये माझ्या खरेदीच्याही खाली दिसतो. असो, धंदा म्हटलं की हे आलंच.

डोकं फिरतं ते विक्रीनंतर. बार्शीत लॅपटॉप बिघडला की गिऱ्हाईक टोल फ्री नंबर शोधत बसत नाही, सरळ दुकानात येतं. बिलावर नाव माझं आहे ना! सर्व्हिस सेंटर सोलापूरला, सुमारे 70 किलोमीटर. पोरीचा कॉलेजचा लॅपटॉप घेऊन बाप तिथे एसटीनं जाणार, आणि तिथून उत्तर काय, तर पार्ट मागवलाय, फोन करू.

आता हिंजचंच, म्हणजे स्क्रीन उघडबंद होते त्या बिजागरीचंच बघा. स्वस्त मॉडेलमध्ये हिंजचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट नुसत्या प्लास्टिकच्या खुंट्यांत दाबलेले असतात. हिंज जरा घट्ट झालं की स्क्रीन उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर. एक दिवस कट्ट आवाज येतो आणि कोपरा फाकतो. बाहेरून ना ओरखडा, ना पोचा. तरी रिपोर्टवर लिहून येतं, 'फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही'. एकाच मॉडेलचे, उजव्याच बाजूनं उकललेले पीस माझ्या काउंटरवर येतात. सगळ्या पोरांनी ठरवून उजवीकडूनच आपटले का?

हे कंपनीला सांगायचं कुणाला? टोल फ्रीवर 'मी डीलर बोलतोय' म्हटलं की 'सर, कस्टमरला कॉल करायला सांगा'. सेल्समनचं म्हणणं, सर्व्हिस वेगळा विभाग. डिस्ट्रिब्युटर बिलिंगपुरता. बरं, विकत द्या पार्ट, माझा पोरगा बसवेल, तर तेही नाही. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मिळेल तो पार्ट मागवायचा. केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, छान केलं. पण पोर्टलवर माहिती असून माझ्या हातात खुंटीवाला पॅनेल येत नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. पण तक्रार लिहिताना गिऱ्हाईक विक्रेत्यालाही पार्टी करतं, आणि दुकान बंद ठेवून तारखेला मला उभं राहावं लागतं.

फार काही मागत नाही. सिरियल नंबर टाकला की दुरुस्तीची तक्रार कुठे अडकलीय ते डीलरला दिसावं, पार्ट रोख पैसे घेऊन द्यावा आणि एकाच जागी तुटणाऱ्या मॉडेलची तक्रार आमच्याकडून थेट घ्यावी. तोवर हिंज तुटणाऱ्या त्या सिरीजचा माल मी ठेवणार नाही, स्कीम कितीही गोड असो. मार्जिन जातंय, जाऊ दे.

सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या डीलर मित्रांनो, तुमच्याकडे कुठले मॉडेल हिंजमध्ये जातात ते कमेंटमध्ये टाका. पूर्ण मॉडेल नंबर लिहा, नुसतं 'सगळेच भंगार' नको.