तारकर्लीचं ऊन आणि आमची सुट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. नाताळच्या सुट्टीसाठी परदेशातलं उबदार, उन्हाचं ठिकाण कसं निवडावं, या माझ्या लेखावर तुम्ही रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया टाकलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही पुण्याचे, दर नाताळात तारकर्लीला येता. तुम्ही लिहिलंय, "ज्यांच्या दारात समुद्र आणि ऊन फुकट आहे त्यांनी त्यासाठी परदेशात जाणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. असल्या लोकांमुळेच कोकण मागे राहिलं!!!" पुढे श्रीलंकेतला पाऊस, बाली का नाही, अंदमान का नाही, तिकिटं किती महाग, असं बरंच काही.

टीकेचं मला वावडं नाही. पण "असल्या लोकांमुळे" म्हणजे कोणामुळे? तुम्ही मला ओळखत नाही, माझं घर बघितलेलं नाही. तीन-तीन उद्गारचिन्हं देऊन वडीलधाऱ्या बाईला असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. ती प्रतिक्रिया माझ्या सुनेनेही वाचली आणि मला फोन करून विचारलं, "आई, हे तुम्हाला ओळखतात का?"

जे चुकलं ते आधी मान्य करते. मी लेखात सरसकट "श्रीलंका" लिहिलं, ते बरोबर नव्हतं. डिसेंबरात तिथं ईशान्य मोसमी वारे असतात. ते बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येतात आणि त्रिंकोमाली, बट्टिकलोआ या पूर्वेच्या किनाऱ्यावर पाऊस पाडतात. मधला डोंगराळ भाग आडवा येतो म्हणून गॉल, उनावटुना, मिरिसा हा नैर्ऋत्येचा किनारा त्याच दिवसांत बराचसा कोरडा असतो. जूनमध्ये आमचं अंगण वाहून जातं आणि सह्याद्रीपलीकडे माण-खटाव कोरडं राहतं, तसंच हे, फक्त दिशा उलटी. आम्ही गॉलच्या बाजूलाच जाणार आहोत, पण वाचणाऱ्याला ते कळायला हवं होतं. लेखात दुरुस्ती करते.

बालीचं उत्तर सोपं आहे, नाताळात तिथं पावसाळा असतो. थायलंडमध्ये फुकेत-क्राबी त्या वेळी कोरडं, तर तिथल्याच पूर्वेकडच्या थायलंडच्या आखातातल्या को सामुई बेटाला डिसेंबरातही पाऊस गाठू शकतो, हे मूळ लेखात होतं, तुम्ही तिथवर वाचलं नसावं. अंदमान आणि तिकिटांचा विषय या लेखाचा नव्हता, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आता ते "दारात ऊन फुकट" हे वाक्य. त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

2004 साली आम्ही दोन खोल्यांवर न्याहारी निवास सुरू केलं. सासऱ्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं होतं, ती मोडीत निघाली. दोन्ही दीर मुंबईला चाकरमानी झाले, आम्ही दोघं इथंच राहिलो. बँकेचं कर्ज काढून दोनाच्या पाच खोल्या केल्या. घरापासून समुद्र दीडशे पावलांवर आहे. ऊन डिसेंबरात कसं पडतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, दुपारी बनियनवर बसावं असं. पण नाताळ ते एक तारीख, त्या आठवड्यात मी त्या उन्हात कधी बसले ते आठवून सांगता येणार नाही. पहाटे पाचला आंघोळीचं पाणी तापवायचं, मग घावणे आणि चटणी. ह्यांनी तोवर मालवणच्या लिलावातून सुरमई आणायची. दुपारची ताटं, चादरी धुणं, संध्याकाळचा चहा, भजी, रात्री वडे-सागोती, शेवटचं ताट उठेपर्यंत साडेअकरा. त्या आठवड्यातलं ऊन तुमच्या वाट्याचं असतं. आम्ही ते विकतो आणि त्यावर आमचं वर्ष निघतं. म्हणून ते आमच्यासाठी फुकट नाही.

मुलगा, सून आणि दोन नातवंडं जर्मनीत हॅम्बुर्गला असतात. त्या दिवसांत तिथं उजेड जेमतेम साडेसात तास, तोही बहुतेक ढगांआडचा. 25 आणि 26 दोन्ही दिवस सरकारी सुट्टी, पुढे वर्षअखेरीपर्यंत कंपनी बंद, मुलांच्या शाळाही बंद. त्यांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या मुसळधार पावसात. चौघांना एकदम आणि उन्हात भेटायचं तर हाच आठवडा उरतो. नेमका हाच आमचा सीझन.

2022 च्या नाताळात ते चौघं आले. पाचही खोल्या भरलेल्या. ज्या खोलीत तो लहानाचा मोठा झाला तिथं पाहुणे होते, त्यामुळे आमचा मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं पडवीत चटईवर झोपली. दुसऱ्या दिवशी रात्री मी वडे तळत होते. बाहेरच्या टेबलावरून एका पाहुण्याने हाक मारली, "ए मुली, पाणी आण गं." ती माझी नात होती, सहा वर्षांची. तिला मराठी कळतं. तिनं भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरला, पोटाशी घेतला आणि सांडू नये म्हणून एकेक पाऊल टाकत गेली. मी झारा हातात धरून बघत राहिले, कढईतला वडा काळा झाला. पाहुण्याची चूक नव्हती, त्याला काय माहीत. रात्री हे अंथरुणावर बसून म्हणाले, "आमचो झील आमच्याच घरात पावणो झालो." त्यानंतर दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत.

म्हणून यंदा 20 डिसेंबर ते 3 जानेवारी खोल्या बंद. कोणतं ठिकाण उबदार, कोरडं, दोन्हीकडून गाठायला बरं आणि आमच्या खिशाला झेपणारं, हे मी तीन महिने वाचून काढलं. दुबईचं ऊन चांगलं, पण पोरांना तासन्‌तास डुंबायला त्या वेळी पाणी गारच. मॉरिशसला तेव्हा उन्हाळा, पण दमट, आणि वादळांचे महिने. मालदीव परवडत नाही. शोधता शोधता गॉलवर येऊन थांबले. मुंबईहून कोलंबो अडीच-एक तास, पुढे समुद्राच्या कडेकडेनं जाणारी रेल्वे. तिथं वडे दुसरं कोणी तळेल आणि मी नातवंडांबरोबर पाण्यात उभी राहीन. लेख त्या शोधातून लिहिला होता.

कोकण आमच्यामुळे मागे राहिलं की नाही, ते तुम्ही दर नाताळात ज्या गादीवर झोपता त्या घरच्या बाईला विचारा. तुम्ही कोणाकडे उतरता मला माहीत नाही. पण तीही तेव्हा पाचला उठलेली असते.

श्रीलंकेचा परिच्छेद आज रात्रीच बदलते. "असल्या लोकांमुळे" हे शब्द तुम्ही काढून टाकावेत अशी अपेक्षा आहे. नाही काढलेत तरी तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, इथंच राहील.